लाल झाकणाचे बारा डबे

रविवारी आमच्या घरी स्वयंपाकाच्या आधी स्वयंपाकघर धुतलं जातं. नुसतं पुसून भागत नाही. ओटा, शेगडीची जाळी, पोळपाट, लाटणं, कढईचे कान, सगळं साबण आणि कढत पाण्यानं. बायको शनिवारी संध्याकाळी अकलूजहून येते. तिथल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत ती दूध तपासते. सहा दिवसांची दमलेली असते, तरी रविवारी सकाळी सातला ओढणी कमरेला बांधून ओट्यापाशी उभी असते. मी भांडी घासून देतो, ती त्यांवरून बोट फिरवून बघते आणि निम्मी परत घासायला लावते. मग दुपारपर्यंत आम्ही दोघं मिळून मुलीचे पाच दिवसांचे डबे करतो, गार करतो आणि फ्रीझरमध्ये ठेवतो.

लोकांना याचं हसू येतं. ऑफिसातले एक सहकारी म्हणतात, "तुमच्याकडं काय, सोमवारीबी रविवारचं आणि शुक्रवारीबी रविवारचंच." मीही हसतो. खरं कारण सांगितलं की लोक दोनपैकी एक वाक्य बोलतात. "थोडं थोडं देत जा, सवय होईल," किंवा "आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं बघा." म्हणून मी सांगायचं सोडून दिलं आहे.

माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. ती तीन वर्षांची असताना एका बारशात कुणीतरी लाडानं तिच्या हातावर शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा ठेवला. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, मग डोळे मिटायला लागले, मग श्वासात शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखाना त्याच गल्लीच्या तोंडाशी होता, म्हणून ती आज आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि अगदी शांत आवाजात सांगितलं की पुढच्या वेळी अख्खा दाणा लागेलच असं नाही, दाण्याचं बोट नुसतं लागलं तरी पुरे होईल.

सोलापुरात राहून हे ऐकायचं. इथं वांग्यात कूट, भेंडीत कूट, काकडीत कूट. कुणाकडे जेवायला गेलं तर ताटात मिठाच्या शेजारी आधी शेंगा चटणी येते. मी स्वतः त्या चटणीवर वाढलो. आम्ही वैरागजवळचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. सोलापुरात खोली घेऊन शिकत होतो तेव्हा आई पहाटे उठून भाकरी, चटणी आणि कधी पातळ पिठलं असा डबा बांधायची आणि सकाळच्या एस.टी.त ठेवायची. मी स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचो. तीन वर्षांत तो डबा चुकला असेल तर चार-पाच वेळाच. भाजी असायची-नसायची, चटणी असायचीच. मी बी.कॉम. झालो तो त्या डब्यांवर, हे मी कुठंही सांगू शकतो. त्याच चटणीचं बोट माझ्या मुलीच्या जिवावर येऊ शकतं, ही गोष्ट माझ्या मनाला अजूनही नीट पटत नाही. पण भीतीला पटण्याची गरज लागत नाही.

आम्ही घरातून दाणे हद्दपार केले. बाहेरचं खाणं बंद केलं. पण रोज सकाळी घाईत केलेल्या डब्यावर माझा विश्वास बसेना. बायको अकलूजला, मला ऑफिस गाठायचं, पीठ कुठल्या गिरणीतून आलं, तेल कुठल्या घाण्याचं, डोक्यात हेच. तेव्हा बायकोनं ही रविवारची पद्धत काढली. एकदाच, स्वच्छ ओट्यावर, दोघांच्या देखत. प्रयोगशाळेतली शिस्त तिनं घरी आणली. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर आत बर्फाचे खडे धरतात. डबा काठोकाठ भरायचा नाही. बटाटा नाही, कारण तो नंतर पाणी सोडतो. मुगाची, मटकीची सुकी उसळ, इडल्या, पालकाचे पराठे, अर्धवट भाजलेल्या पोळ्या मध्ये कागद घालून. आदल्या दिवशी संध्याकाळी डबा वरून खालच्या कप्प्यात आणायचा, सकाळी कढईत वाफ येईस्तोवर गरम करायचा आणि धुतलेल्या त्याच डब्यात परत भरायचा. फ्रीझरच्या कोपऱ्यात एका वाटीत बर्फ आणि त्यावर एक नाणं असतं. आम्ही घरी नसताना लाईट बराच वेळ गेली तर बर्फ वितळून नाणं तळाला जातं. नाणं तळाला दिसलं की तो आठवडा टाकून द्यायचा.

डबे आणले ते एकसारखे. लाल झाकणाचे बारा, झाकणाला आतून रबराची कडी. सहा मुलीचे, सहा घरचे. मुलीच्या सहा डब्यांवर मी पांढरी कागदी पट्टी चिकटवली आणि तीवर निळ्या पेनानं लिहिलं : फक्त हिचा डबा. यात दुसरं काहीही ठेवू नये. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच उभं करायचे. सहाही पट्ट्या सरळ रेषेत लावल्या आणि मला वाटलं, आता झालं.

दोन वर्षं सगळं नीट चाललं. मग वडील गेले आणि गेल्या दिवाळीनंतर मी आईला वैरागहून आमच्याकडे आणलं. मुलगी शाळेतून सव्वादोनला येते, मी सहाला. ते चार तास सांभाळायला इतके दिवस एक बाई होती. आई आली तशी मुलीला आजी मिळाली. आईला दाण्याचं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, तोंडावर पदर धरला आणि एवढंच म्हणाली, "देवानं काय काय काढलंय बाबा." त्या दिवसापासून तिनं कूट मागितला नाही. कूट नसलेली भाजी ती मुकाट्यानं खायची. कधी नुसती भाकरी आणि ताक. मी विचारलं तर म्हणायची, "मला काय, चालतंय की."

शेजारच्या दारात एक विणकर कुटुंब आहे. घरात तेलुगू बोलतात. तिथल्या बाईंना आम्ही अक्का म्हणतो. आईची आणि त्यांची आठ दिवसांत गट्टी झाली. दोघी दुपारी दारं उघडी टाकून आपापल्या उंबऱ्यात बसायच्या. काय बोलायच्या कोण जाणे, पण हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत यायचा.

मार्चमधला बुधवार होता. सकाळी मी मुलीला रिक्षात बसवलं, दप्तरात डबा ठेवला. मुगाची उसळ आणि पोळी. परत वर येऊन आंघोळ केली, जेवलो, आणि दहाच्या सुमाराला ऑफिसला निघालो. जिन्यात अक्का बादली घेऊन फरशी पुसत होत्या.

"भाऊ, आजीला चटणी लई आवडली की," त्या म्हणाल्या. "शनिवारी दिली, संपली म्हणाल्या. आज परत कुटणार हाय मी. देऊ का थोडी?"

"कसली चटणी?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"शेंगाची. त्यांनी खीर दिली होती ना, गव्हाची. डबा रिकामा कसा द्यायचा? म्हणून भरून दिला." माझा चेहरा बघून त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "पोरीसाठी न्हाई ओ. आजीसाठीच दिली. त्या म्हणाल्या, मी गॅलरीत बसून खाते, घरात नेत न्हाई."

"डबा कसला होता?"

"तुमचाच. लाल झाकणाचा."

"त्याच्यावर पांढरी पट्टी होती?"

अक्कांनी आठवून पाहिलं. "होती. निळं निळं काहीतरी लिहिलेलं."

माझं डोकं विलक्षण वेगानं हिशेब करायला लागलं. शनिवारी आईनं चटणी खाल्ली, डबा धुतला, मांडणीवर लावला. रविवारी आम्ही तो स्वच्छच आहे म्हणून नुसता गरम पाण्यातून काढला. रबराची कडी काढून कधीच धुतली नव्हती, मीही नाही आणि बायकोनंही नाही. त्या खाचेत तेल राहणार. तेलात दाणा. सहा डबे. सोमवारचा आणि मंगळवारचा खाऊन झाला होता, काही झालं नव्हतं. उरले बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि एक रिकामा. चारातला एक. आणि चारातला एक तिच्या दप्तरात होता.

घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. शाळेची मधली सुट्टी दहा चाळीसला.

वर्गशिक्षिकेला फोन लावला. बंद. शाळेत तास चालू असताना बाईंचे फोन कपाटात ठेवतात, हे मला माहीत होतं, तरी तीनदा लावला. मग शाळेच्या ऑफिसात लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालू केली. आईला काही सांगायला वर गेलो नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी तिचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती.

जुळे सोलापुरातून सात रस्त्यापर्यंत मी कसा आलो ते आठवत नाही. सात रस्त्याला गाड्यांची रांग होती तेवढी आठवते. मी थांबलो होतो आणि शेजारच्या स्कूटरवर एक माणूस पुढं पाण्याचा जार ठेवून शिट्टीवर गाणं म्हणत होता. मला त्याचा इतका राग आला की मी मान फिरवली. मी मनात म्हणत होतो, आज तिला भूक नसू दे. आज तिचा डबा सांडू दे. मैत्रिणीशी भांडण होऊ दे आणि ती रुसून बसू दे. रोज डबा संपव म्हणून मीच तिला रागावत आलो होतो.

सुट्टीला दोनच मिनिटं उरली असताना पुन्हा ऑफिसात फोन लावला. या वेळी लिपिकानं उचलला. मी म्हणालो, "दुसरी ब. माझ्या मुलीला डबा खाऊ देऊ नका. आत्ता वर्गात जा." तो म्हणाला, "साहेब, सुट्टी झाली की निरोप देतो." मी म्हणालो, "सुट्टी व्हायच्या आधी जा. ती मरेल." हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडाबाहेर काढला होता. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

शाळेच्या फाटकाशी गाडी आडवी टाकली तेव्हा मैदानात मुलं धावत होती. सुट्टी झालेली होती. माझ्या पाठीवर बॅग होती आणि बॅगेत इंजेक्शनची पेटी. आमच्याकडे अशा तीन पेट्या आहेत, एक घरी, एक शाळेच्या ऑफिसात, एक माझ्याजवळ. बाहेरच्या देशांत यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन असतं म्हणे. आम्हाला ते मिळालं नाही. डॉक्टरांनी औषधाच्या काचेच्या कुप्या आणि सिरिंज दिल्या, सिरिंजवर कुठपर्यंत भरायचं तिथं लाल रेघ मारून दिली, आणि आम्हा दोघांना व वर्गशिक्षिकेला शिकवलं. चार वर्षांत एकदाही वापरावी लागली नव्हती.

मुलगी वर्गात पहिल्या बाकावर होती. लिपिक तिच्याजवळ उभा होता, त्याच्या हातात तिचा डबा. तो पोचायच्या आधी तिनं तीन-चार घास खाल्ले होते. बाई तिला पाणी पाजत होत्या.

"बाबा, तू कसा काय आलास?" ती म्हणाली. मग खाकरली. "माझी जीभ टोचतेय."

मी तिची हनुवटी वर केली. गळ्यावर लाल चट्टे उठायला लागले होते. मी बघत असतानाच ते वाढत होते, पाणी जमिनीत पसरावं तसे. बाई म्हणाल्या, "सर, आपण थोडं थांबून बघू या का?" मलाही तेच हवं होतं. थांबावं, ते आपोआप उतरावं, सुई टोचायची वेळ येऊ नये. तेवढ्यात ती परत खाकरली आणि तिच्या आवाजात ती शिट्टी आली.

तिला बाकावर आडवं केलं. कुपीचं तोंड मोडताना काच माझ्या अंगठ्यात गेली. औषध ओढताना लाल रेघ दिसत होती पण स्थिर राहत नव्हती. बाईंनी माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं, तेव्हा रेघेपर्यंत भरता आलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कापडावरूनच चालतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टोचलं. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी तिला फसवल्यासारखं. दाराशी दुसरीतली चाळीस मुलं शांत उभी होती.

मग बाईंच्या गाडीतून दवाखाना. वाटेतच तिचा श्वास मोकळा व्हायला लागला, पण डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, कारण हे काही तासांनी परत उलटू शकतं. ते सहा-सात तास मी तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून नुसता तिचा गळा बघत होतो. तिला बरं वाटायला लागल्यावर ती म्हणाली, "मी डबा संपवला नाही. चालेल ना?"

तीन वाजता आई आली. अक्का तिला रिक्षातून घेऊन आल्या होत्या. अक्का दारातच थांबल्या. आई आत आली, नातीच्या पायांना हात लावला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं नाही.

"आई, सगळे डबे सोडून तोच कशाला दिलास?" मी म्हणालो. आवाज हळू होता, पण त्यात काय होतं ते तिला कळलं असणार. "स्पष्ट लिहिलंय ना त्याच्यावर. एवढं मोठ्या अक्षरात. ह्यात दुसरं काही ठेवू नये म्हणून."

आई मग म्हणाली, "लिवलं आसंल की. मला कुटं वाचता येतं?"

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. सरळ सांगितलं, जशी एखादी अडचण सांगावी.

"मला वाटलं, वार लिवल्यात," ती म्हणाली. "सोमवार, मंगळवार. खीर पातळ व्हती. झाकण घट बसतंय म्हणून त्यो घेतला. सगळी सारकीच दिसत्यात."

 आईला वाचता येत नाही हे मला जन्मापासून माहीत आहे. बँकेत तिचा अंगठा मीच शाईला टेकवतो. तरीही मुलीच्या जिवाची सगळी तजवीज मी अक्षरांत लिहून ठेवली होती, आणि त्या घरात दिवसाचे चार तास मुलीजवळ एकटी असणारी बाई ती अक्षरं वाचू शकत नव्हती, हे दोन्ही एका वेळी माझ्या मनात कधी आलंच नाही. शिकल्यापासून मला वाटत आलं, लिहिलं की सांगितलं.

"मी गॅलरीत बसून खाल्ली," आई पुढं म्हणाली. "हात राखुंडीनं घासलं, चूळ भरली दोनदा. लुगडं बदललं. डबाबी साबणानं धुतला बघ. त्या रबराच्या आत शिरलं आसंल ते मला कळलं न्हाय." मग तिनं नातीकडे बघितलं. "लई दिस झालं व्हतं रे, चटनी खाऊन."

दारातून अक्का म्हणाल्या, "भाऊ, बोलायचं तर मला बोला. डबा मी भरला."

 बायको पाच वाजता अकलूजहून पोचली. तिनं आधी मुलीचा गळा बघितला, मग नर्सला चार प्रश्न विचारले, मग सासूजवळ जाऊन उभी राहिली आणि तिच्या हाताला धरून स्टुलावर बसवलं. ते मी करायला हवं होतं.

रात्र व्हायच्या आत आम्ही घरी आलो. बायकोनं घरातले अकराही डबे फ्रीझरमधून आणि मांडणीवरून काढून कचऱ्याच्या पिशवीत भरले. गुरुवारचा, शुक्रवारचा, सगळे. दुसऱ्या दिवशी मुलगी घरीच राहिली. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि बायको कामावर परत गेली. आई दिवसभर स्वयंपाकघरात गेली नाही. पाणीसुद्धा नातीकडून मागून घेत होती. मुलीला यात गंमत वाटत होती. "आजी, तुला शिक्षा झालीय का?" तिनं विचारलं. आई म्हणाली, "व्हय."

शुक्रवारी सकाळी बघतो तर आई पिशवी भरून बाहेरच्या खोलीत बसलेली.

"मला वैरागच्या गाडीत बसवून दे," ती म्हणाली.

मला एक क्षण सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं. आई गेली तर अक्कांकडून येणारं ताट नाही, खिरीचा डबा नाही, गॅलरी नाही. परत ती जुनी बाई लावायची, तिला वाचता येत होतं. मग मी म्हणालो, "कशाला जातेस? मुद्दाम केलंस का तू?"

"मुद्दाम न्हाय केलं. म्हणूनच भ्या वाटतंय. मुद्दाम केलं आसतं तर परत करनार न्हाय म्हनलं आसतं." तिनं पिशवीची गाठ उगाचच सोडली आणि परत बांधली. "तुला भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं की."

"मग? तू हापिसात. सून तिकडं. दुपारच्याला पोरगी माझ्यापशी. त्या दिशी साळंत झालं म्हनून मास्तरीनबाय व्हती, तू आलास. घरात झालं आसतं तर मी काय केलं आसतं? दार उगडून बोंब मारली आसती."

"फ्रिजवर कागद लावलाय ना—" मी बोलायला लागलो आणि थांबलो. फ्रिजवर मी लावलेला कागद होता. काय झालं तर काय करायचं, एक ते सात. त्याच सुंदर अक्षरात.

आई म्हणाली, "मास्तरनीला टोचाय शिकवलंस. मला का न्हाय शिकवलंस?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. काय सांगणार होतो? तिला जमणार नाही असं मी कधी ठरवलं होतं? ठरवलंच नव्हतं. ते आपोआप ठरलेलं होतं.

"तुला जमेल?" मी म्हणालो, आणि प्रश्न तोंडातून सुटताच मला तो परत घ्यावासा वाटला.

"गाई-म्हशीला डाक्टर टोचायचा तवा मान कोन धरत व्हतं?" ती म्हणाली. "बघून बघून दोनदा मीच टोचलंय. तुज्या बापाचा हात कापायचा. तुज्यासारका."

त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, जरूर शिकवा, आधीच शिकवायला हवं होतं. मुदत संपलेल्या दोन कुप्या आणि रिकाम्या सिरिंज त्यांनी दिल्या. दुपारी स्वयंपाकघरात ओट्यावर टॉवेल अंथरला. आई दोन दिवसांनी पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत आली. मी कुपी कशी धरायची ते दाखवलं. तिनं पदराचा कोपरा कुपीच्या मानेवर गुंडाळला आणि काच खट्कन मोडली. माझ्या अंगठ्याला अजून पट्टी होती. फडकं गुंडाळायचं मला सुचलं नव्हतं.

लाल रेघ तिला वाचावी लागत नव्हती. औषध तिथवर ओढलं, सिरिंज उभी धरून टिचकी मारली, हवा वर आली ती काढून टाकली. पपईवर टोचून सराव केला. टोचल्यावर ती जागा दहा आकडे मोजेस्तोवर अंगठ्यानं दाबून धरायची, हेही मी सांगितलं. माझ्या मोबाइलवर मी वेळ लावत होतो. पहिल्यांदा पेटी उघडण्यापासून टोचेपर्यंत तिला दीड मिनिट लागलं. "पुन्यांदा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा थोडं कमी. कुप्या संपल्या तेव्हा वाटीतलं पाणी ओढून तिनं परत परत केलं. संध्याकाळपर्यंत ती पाऊण मिनिटावर आली. मी म्हणालो, "पुरे आता, माझ्यापेक्षा चांगलं येतंय तुला." तिनं ऐकलं नाही.

"एवड्यानं पोरगी वाचती?" तिनं विचारलं.

"बहुतेक वेळा."

"आनि न्हाय उतरलं तर?"

"पाच मिनिटांनी दुसरं द्यायचं. तोवर एकशे आठला फोन. अक्का करतील फोन, त्यांना सांगून ठेवलंय."

"आनि त्यानंबी न्हाय?"

 खोटं बोलावंसं वाटलं, पण ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती तिच्यापुढं ते टिकलं नसतं. आईनं मान हलवली. तिला कळलं. मग तिनं आपली पिशवी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

मुलगी इतका वेळ दारात उभी राहून सगळं बघत होती. ती आमच्या मागोमाग आतल्या खोलीत पळत येऊन कॉटवर आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "आजी, माझ्यावर कर. मी बेशुद्ध पडलीय असं समज."

"आसलं समजायचं न्हाय," आई म्हणाली. तिनं तिला उठवून बसवलं. मग जरा थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि नातीला परत आडवं केलं. "बरं. गप पडून ऱ्हा. दाव रं मला, नेमकं कुटं."

मी मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, बोट ठेवून दाखवलं. मुलीला गुदगुल्या झाल्या आणि ती हसायला लागली. आईनं माझं बोट बाजूला केलं आणि त्या जागी आपला अंगठा दाबून धरला, फ्रॉकच्या कापडावरून. तिचे ओठ हलत होते. बहुधा आकडे मोजत होती. मुलगी म्हणाली, "झालं ना आजी?" आई म्हणाली, "थांब," आणि अंगठा तसाच ठेवला.